ब्लूबेल म्हणून लावलं, आता बाग गिळतंय. आवरायचं कसं? (सातारा)

गोडोलीची_वहिनी | १४ मार्च, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. घरापुढे आणि एका अंगाला मिळून पाऊण गुंठ्याची बाग आहे. ४ वर्षांपूर्वी कंपाउंडच्या कडेला लावायला एका रोपवाटिकेतून ६ रोपं आणली. "ब्लूबेल आहे, निगा लागत नाही, बारा महिने फुलतं" असं सांगून दिली होती. फुलतं, खोटं नाही. सकाळी जांभळी-निळी फुलं डोळ्यांत भरतात आणि संध्याकाळच्या आत खाली सडा पडलेला असतो.

पण आता त्या ६ रोपांची या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीएवढी भिंत झाली आहे. फरशीच्या सांध्यातून येतंय, वृंदावनाच्या कठड्यातून येतंय, मोरीचं पाणी जातं तिथे तर रानच माजलंय. सगळ्यात जिवाला लागलं ते अबोलीचं. सासूबाईंनी माहेराहून, वाईहून आणलेली अबोली. ४० वर्षं त्याच वाफ्यात आहे, देवीचा गजरा त्याच फुलांचा होतो. यंदा त्या वाफ्यात अबोली शोधावी लागते. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण परवा दुपारी बघते तर खुरपं घेऊन एकट्याच वाफ्यात बसलेल्या. वय ७८. मला बघवलं नाही.

मी ३ वेळा उपटलं. दर वेळी दुप्पट आलं. मुळासकट घालवता येतं का? कोणी घालवलंय का? फोटो जोडते आहे.

खुरपं_मिरज | १४ मार्च, सकाळी १०:१५

वहिनी, फोटो बघितले. हे ब्लूबेल नव्हे, ही रुएलिया. बऱ्याच ठिकाणी मेक्सिकन पेटुनिया म्हणून विकतात. हिला मेक्सिकन ब्लूबेल असंही एक नाव आहे, त्यातलं "मेक्सिकन" तुमच्यापर्यंत येता येता गळलं असणार. लांब अरुंद पान, जांभळट दांडा, कर्ण्यासारखं फूल, दुसरं काही असूच शकत नाही.

उपटून जात नाही कारण मातीखाली तिची आडवी खोडं पसरलेली असतात. वरून ओढलं की ती पेरापेराशी तुटतात आणि राहिलेला प्रत्येक तुकडा फुटतो. म्हणजे तुम्ही ३ वेळा उपटलं नाही, ३ वेळा लावणी केलीत. रागावू नका, मीही आमच्या मिरजेच्या घरी २ वर्षं हेच केलं.

चहाचा_कप | १४ मार्च, सकाळी १०:५०

वाचतोय. आमच्या सोसायटीत पण हेच आहे.

माहेर_सांगली | १४ मार्च, दुपारी ४:०५

थोडं अवांतर, पण नावावरून राहवलं नाही. मी विश्रामबागची, गेली ११ वर्षं इंग्लंडमध्ये. खरं ब्लूबेल म्हणजे कांद्यातून येणारं झाड, एप्रिल-मेमध्ये जंगलात जमिनीवर निळी चादर अंथरल्यासारखं फुलतं. इथल्या मूळ जातीला कायद्याचं संरक्षण आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानातले कांदे उपटायला मनाई, आणि १९९८ पासून रानातले कांदे विकायलाही बंदी.

गंमत अशी की त्याच इंग्लंडमध्ये घरोघरी लोक ब्लूबेल कसं घालवायचं हे विचारत असतात. ते मात्र स्पॅनिश ब्लूबेल. मूळ जातीची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला झुकलेली, वास गोड. स्पॅनिश ताठ उभं, फुलं चहूकडे, वास जवळजवळ नाहीच. ते बागेतून पसरतं आणि मूळ जातीशी त्याचा संकर होतो, ही इथल्या लोकांची मोठी काळजी.

आमच्या भाड्याच्या घरामागे ते होतं. शेजारच्या आजींनी शिकवलं: पानं हिरवी असतानाच खण, म्हणजे कांदा कुठे आहे ते कळतं. पानं वाळल्यावर नुसती माती चाळत बसशील. आणि सगळे कांदे नाही मिळाले तर पान वर आलं की लगेच खुडत राहा, पान नाही तर कांद्याला पोट भरायला काही नाही. काढलेले कांदे कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत. वहिनींचं झाड वेगळं, पण उपाशी ठेवायची युक्ती लागू पडेल असं वाटतं.

निसर्गमास्तर_कराड | १४ मार्च, रात्री ९:३०

माहेर_सांगली, छान माहिती. त्या ब्लूबेलची चुलत भावंडं आपल्याकडेही आहेत बरं का. आपला रानकांदा आणि कासच्या पठारावर पावसाच्या सुरुवातीला दिसणारी दीपकाडी, दोन्ही त्याच कुळातली. पुढच्या वेळी सुट्टीला याल तेव्हा बघा.

आता मूळ मुद्दा. मी कराडला ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. खुरपं_मिरज यांनी मातीखालचं सांगितलं, ते अर्धंच आहे. रुएलिया दोन वाटांनी पसरते आणि दुसरी वाट शेंगांची. फुलं गळून गेल्यावर दांड्यावर बोटाच्या पेराएवढ्या शेंगा राहतात, आधी हिरव्या, मग तपकिरी. वहिनी, एक करून बघा. एक पूर्ण वाळलेली तपकिरी शेंग तळहातावर घ्या आणि टोकाला पाण्याचा एक थेंब लावा. क्षणभर काही होणार नाही. मग टिचकी वाजल्यासारखा आवाज होईल, शेंग उभी चिरेल आणि बिया कुठल्या कुठे उडतील. आत प्रत्येक बीमागे आकड्यासारखा एक अवयव असतो, तोच बीला भिरकावतो. रुएलियाच्याच एका जातीवर २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्या बिया ७ मीटरपर्यंत जातात आणि हवेत चकतीसारख्या सेकंदाला दीड हजाराहून जास्त गिरक्या घेतात. ओली झाली की बी बुळबुळीत होते आणि माती, चप्पल, कुत्र्याचे केस, जे मिळेल त्याला चिकटते.

हे कुळ अडुळशाचं. कोरांटी, कारवी, आणि वहिनी, तुमची अबोलीसुद्धा त्यातलीच. अबोलीची सुकी शेंगही पाणी लागलं की अशीच तडकते. म्हणजे तुमच्या वाफ्यात दोन बहिणींचं भांडण आहे, एक घरची नि एक मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची.

यातून घ्यायचं ते हे. पाइपने झाडावर पाणी मारू नका, तुम्ही स्वतः बी उडवताय. आणि वळीव पडायच्या आत सगळ्या शेंगा काढा. आज १४ मार्च. साताऱ्यात एप्रिलमध्ये कधीही वळवाची सर येते. तुमच्याकडे फार तर महिना आहे.

गोडोलीची_वहिनी | १५ मार्च, सकाळी ७:२०

सर, केलं. धाकटा मुलगा शेजारीच उभा होता. थेंब लावला, आम्ही दोघं वाट बघत राहिलो, आणि टच्! एक बी त्याच्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसली. तो आता सगळ्या शेंगा फोडायला निघालाय, त्याला आवरणं हे वेगळंच काम झालंय. रोज संध्याकाळी मी पाइपने वरून पाणी मारत होते. ४ वर्षं. आज कळलं काय करत होते ते.

फुलपाखरू_वेडा | १५ मार्च, सकाळी ८:४५

माझं मत वेगळं आहे. सरसकट काढू नका. आमच्या शाहूपुरीतल्या घरी रुएलियावर लेमन पॅन्सी अंडी घालते, सुरवंट पानं खातात, कोश होतात, सगळं डोळ्यांसमोर. सकाळी मधमाश्या असतात. शहरात तेवढंच हिरवं उरलंय, आणि आपण तेही उपटायला निघालो तर काय?

कृष्णाकाठ | १५ मार्च, दुपारी १:१०

फुलपाखरू_वेडा, तुमच्या भावना समजतात, पण आमचा अनुभव ऐका. आमचं घर सांगलीत नदीच्या अंगाला. २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागलं होतं. पाणी ओसरल्यावर बागेत गुडघाभर गाळ. मोगरा गेला, लिंबू गेलं, कढीपत्ता गेला. दोन-तीन महिन्यांत त्या गाळातून पहिलं काय वर आलं? हेच जांभळं. आमच्याकडे कधीच नव्हतं, वरच्या कुणाच्या तरी बागेतून आलं असणार. आता आमच्या मागच्या नाल्याच्या दोन्ही काठांवर आहे, आणि तिथे पूर्वी जे माका, ब्राह्मी, आघाडा असायचं ते दिसत नाही. आईला केसाच्या तेलासाठी माका लागतो, तो आता मंडईतून विकत आणतो.

झाड एका बागेत गोड दिसतं. पण पाण्याच्या काठाला लागलं की ते कुणाचंच राहत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ते आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे ते याचमुळे, ओलीच्या जागा धरतं.

फुलपाखरू_वेडा | १५ मार्च, दुपारी २:३०

नाल्याचं मला माहीत नव्हतं. पटलं. मग लेमन पॅन्सीसाठी काय लावू ते तरी सांगा.

निसर्गमास्तर_कराड | १५ मार्च, रात्री ८:५०

कोरांटी लावा. आपल्याच मातीतली, त्याच कुळातली, आणि त्या फुलपाखराला चालते. पिवळी, जांभळी दोन्ही मिळतात.

पाचट_वाळवा | १५ मार्च, रात्री १०:१०

एवढा विचार कशाला करताय? तणनाशकाचा एक हात मारा, आठ दिवसांत जळून खाक. उसात आम्ही लव्हाळ्याला तेच करतो.

खुरपं_मिरज | १५ मार्च, रात्री १०:४०

पाचट दादा, लव्हाळा तरी गेला का तुमचा?

पाचट_वाळवा | १५ मार्च, रात्री १०:५५

नाही गेला. दर वर्षी येतो. तेही खरंच.

कृष्णाकाठ | १६ मार्च, सकाळी ९:००

तणनाशकाला माझा ठाम विरोध. वाफ्यात अबोली आहे, फवारा उडाला तर ती आधी मरेल. बागेत लेकरं असतात. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकावर निर्बंधांची अधिसूचना काढली, ती अशा घरगुती वापराला नाही म्हणणारीच आहे. आणि मातीखालचं खोड जाड असेल तर एका फवाऱ्यात जात नाही, परत परत मारावं लागतं.

हळकुंड_हरिपूर | १६ मार्च, सकाळी ११:२५

आमचं घराणं हळदीतलं. हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवं ऐकली असतील, तीच. माझा सल्ला हळद काढण्यावरून आहे.

हळद कुणी पाल्याला धरून उपटत नाही. आदल्या दिवशी हलकं पाणी देतात, माती वाफशाला आली की कुदळ झाडाच्या बुंध्यात नाही, वीतभर लांब घालतात आणि गड्डा खालून उचलतात. गड्डा अख्खा येतो. रुएलियाचंही तसंच करा. पाणी मात्र वाफ्यात बुडाशी सोडा, झाडावर नको. कोरड्या कडक मातीत कुदळ मारली तर खोडाचे तुकडे होणारच, चिखलात मारली तर माती चिकटून काही दिसणार नाही. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा, त्या दिवशी खणा.

उचललेली माती जाळीवर चाळा. पांढरट, पेन्सिलीएवढी जाड, पेरं असलेली मुळी दिसेल ती सगळी वेगळी काढा. नखाएवढी राहिली तरी येते, हे डोक्यात ठेवून चाळा. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. रोज ३ फूट, पण पूर्ण. शेवटच्या ३ फुटांतला राहिलेला तुकडा पहिल्या दिवसाचं काम बुडवतो.

गोडोलीची_वहिनी | १६ मार्च, दुपारी १२:१५

दादा, हे फार उपयोगी. काढलेल्याचं काय करायचं? मागच्या वेळी फांद्या कापून ओढ्याच्या बाजूला टाकल्या होत्या. आज सकाळी मुद्दाम जाऊन बघितलं. तिथे रुजल्यात. कृष्णाकाठ यांनी नाल्याचं लिहिलं ते वाचून पोटात गोळा आला.

खुरपं_मिरज | १६ मार्च, दुपारी १२:५०

फांदीचं पेर ओल्या मातीला टेकलं की मुळं सुटतात, म्हणून. ओढ्याकाठचं आधी काढा, बागेतलं नंतर. तिथलं अजून कोवळं असेल.

काढलेलं सगळं गच्चीवर सिमेंटवर पसरा, ८-१० दिवस कडक उन्हात. कंपोस्टमध्ये नको, घंटागाडीतही ओलं नको. पूर्ण वाळलं की आमच्याकडे बंबात घालतो. अंघोळीचं पाणी तापतं. शेंगांचे दांडे मात्र वेगळे, कागदी पिशवीत, आणि पिशवीचं तोंड बांधून सगळ्यात आधी बंबात. मी एकदा उघड्या पाटीत वऱ्हांड्यात ठेवले होते. पहाटे दव पडलं आणि टिक टिक टिक सुरू झालं, आम्हाला वाटलं पाल आहे.

भिंतीपलीकडे | १६ मार्च, संध्याकाळी ६:३०

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला आहे. आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीला लागून हीच लावली आहे. माझ्या बाजूला मेथी-कोथिंबिरीचे वाफे. दर पावसाळ्यात मेथीपेक्षा हिचीच रोपं जास्त. दोनदा जाऊन बोललो. "फुलंच आहेत हो, काय बिघडतं?" एवढंच उत्तर मिळालं. त्यांना मुद्दाम त्रास द्यायचा नाही हे मला कळतं, पण रोज सकाळी तासभर वाकून तण काढताना वाईट वाटतं. वहिनींनी स्वतःहून विचारलं याचंच मला कौतुक.

निसर्गमास्तर_कराड | १६ मार्च, रात्री ९:१५

तुमच्या शेजाऱ्यांच्या हातावर एक सुकी शेंग ठेवा आणि थेंब टाका. मी वर्गात पोरांना असंच शिकवायचो. एकदा टच् झालं की पुढचं सांगावं लागत नाही.

पाचट_वाळवा | १७ मार्च, सकाळी ६:४०

मी काल तणनाशकाचं बोललो, आज कामाचं सांगतो. खणून झालं की वाफ्यावर पुठ्ठे अंथरा, सांध्यावर सांधा वीतभर चढवून. त्यावर उसाचं पाचट वीतभर जाड. पुठ्ठ्याखाली उजेड जात नाही, राहिलेला कोंब पिवळा पडून मरतो. अबोलीच्या बुंध्याभोवती तेवढी जागा मोकळी ठेवा. पाचट कमी पडलं तर सांगा, आमचं एक वावर आताच तुटलंय, साताऱ्याला येणं-जाणं असतं. एक पोतं टाकून जाईन.

गोडोलीची_वहिनी | १७ मार्च, सकाळी ७:०५

दादा, खरंच? मी संदेश पाठवते तुम्हाला. मनापासून आभार.

सदरबझार_सौ | १७ मार्च, दुपारी ३:००

मोकळी जागा असेल, जिथे दुसरं काही लावलेलं नाही, तिथे एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लॅस्टिक घालून बघा. आधी वाफा भिजवायचा, कागद मातीला चिकटून अंथरायचा, चारी कडा मातीत पुरायच्या, ६ आठवडे हात लावायचा नाही. आपल्या उन्हात आत भट्टी होते आणि वरच्या थरातलं बी मरतं. काळा कागद नको, पारदर्शकच. खोलवरच्या खोडाला याने फरक पडत नाही, त्याला कुदळच.

चहाचा_कप | १७ मार्च, रात्री ११:२०

सगळं वाचलं. पण समजा कुणाला ठेवायचीच असेल तर? आमच्या आईला फार आवडते.

खुरपं_मिरज | १८ मार्च, सकाळी ८:१०

तर कुंडीत. कुंडी जमिनीवर नाही, फरशीवर किंवा स्टँडवर, नाहीतर खालच्या भोकातून मुळं मातीत उतरतात. आणि फुलं गेलेला दांडा दर रविवारी कात्रीने उडवायचा, शेंग तपकिरी व्हायची वाट बघायची नाही. फ्लोरिडाच्या विद्यापीठाने बी न धरणारे वाणही काढलेत, पण आपल्याकडे रोपवाटिकेत लेबलच धड नसतं, त्या भरवशावर राहू नका. माझं मत विचाराल तर आईला कोरांटीची सवय लावा.

माहेर_सांगली | २१ एप्रिल, रात्री १:१५

धागा वर काढते आहे. वहिनी, काय झालं पुढे? आई म्हणाली साताऱ्याकडे वळीव झाला.

गोडोलीची_वहिनी | २२ एप्रिल, सकाळी १०:००

झाला, परवा. पण शेंगा त्याआधी १० दिवस काढून झाल्या होत्या. ओढ्याकाठचं पहिल्या आठवड्यातच काढलं, मी आणि गल्लीतल्या दोघी. बागेतलं रोज ३ फूट. एकूण १९ दिवस लागले. हळकुंड दादांची मुठीची परीक्षा रोज केली. चाळणीवर माती टाकली की सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी बसायच्या आणि बोटांनी पांढरे तुकडे वेचायच्या. तांदूळ निवडायची सवय असलेले हात, माझ्या नजरेतून सुटलेले त्यांना दिसायचे. पाचट दादा एक नाही ३ पोती टाकून गेले.

अबोलीची ५ झाडं निघाली खालून. काडीसारखी झालीत, पण जिवंत आहेत.

गोडोलीची_वहिनी | ९ जुलै, संध्याकाळी ५:४५

पाऊस लागून महिना झाला, म्हणून खरं चित्र सांगते. गेलेली नाही. पाचटाच्या कडेने, फरशीच्या सांध्यात आणि वृंदावनाजवळ रोपं आली. मुलगा वहीत लिहितो, आजपर्यंत २१४ उपटली. पण ही सगळी बीची, दोन-चार पानांची, दोन बोटांत अलगद येणारी. खोडातून फुटलेली फक्त ९ होती, तीही मोरीजवळ. तिथे परत खणलं. दर बुधवारी आणि रविवारी फेरी मारतो, वीतभर होऊ देत नाही.

भिंतीपलीकडे | ९ जुलै, रात्री ८:२०

मीही कळवतो. शेंग घेऊन गेलो होतो शेजारी. काकांच्या हातावर फुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माळी बोलावला. भिंतीलगतची काढली, दारातल्या दोन कुंडीत गेल्या. यंदा मेथी स्वच्छ आहे.

निसर्गमास्तर_कराड | ९ जुलै, रात्री ९:००

वा! वहिनी, अबोलीचं काय?

गोडोलीची_वहिनी | १० जुलै, सकाळी ७:३०

५ पैकी ४ जगली. एकीला आज पहिला तुरा आलाय. सासूबाईंनी कपाटातून एक पुडी काढली, गेल्या वर्षीच्या वाळलेल्या अबोलीच्या शेंगांची. मला माहीतही नव्हतं त्यांनी ठेवल्यात ते. नातवाला वाफ्यात उभं केलं, त्याच्या ओंजळीत शेंगा ठेवल्या आणि स्वतः गडूतून थेंब थेंब पाणी सोडत होत्या. टच्, टच्. बी जिथे पडेल तिथे. आता तो रोज शाळेत जायच्या आधी वाफ्यात जाऊन कुठली उगवली ते बघतो.

खुरपं_मिरज | १० जुलै, सकाळी ७:५०

चार शेंगा उरल्या असतील तर मिरजेला पाठवाल का?